लॅमर्टची त्रेचाळीस दिवसांची फाईल

मार्चपासून आम्ही जेवणाच्या टेबलावर जेवलेलो नाही. टेबल आहे, चांगलं सहा माणसांचं आहे, पण त्यावर युरोप पसरलेला आहे. खिडकीच्या बाजूला जर्मनी, माझ्या खुर्चीसमोर इटली, आणि जिथे बटाट्यांचं पातेलं ठेवायची जागा, तिथे बरोब्बर हंगेरी. आम्ही दोघं स्वयंपाकघरात स्टुलांवर बसून, गुडघ्यावर ताटली ठेवून जेवतो. मी यांटिन, वय एकोणसत्तर. हा युरोप ज्याने पसरलाय तो माझा नवरा लॅमर्ट, वय एकाहत्तर. आणि मी हे सगळं सांगतेय ते कौतुकानं नाही, वैतागून सांगतेय, हे आधीच समजून घ्या.

वीस वर्षं आम्ही सुट्टीला एकाच जागी जात आलोय. सीमा ओलांडली की जर्मनीत चाळीस किलोमीटरवर, तेच तळं, तीच कॅरव्हॅन लावायची जागा, शेजारी आमच्यासारखंच डच, तेच खोरनिंगनचं जोडपं. त्याच्या पलीकडे जायचा विषय निघाला की लॅमर्ट म्हणायचा, "तिथे काय वेगळं आहे? पाणीच आहे ना?" हा माणूस मार्चमधल्या एका सकाळी उठला, कॉफी प्यायला, एक बिस्कीट खाल्लं, आमच्याकडे कॉफीबरोबर एकच घेतात, आणि म्हणाला, "यंदा नऊ देश करू."

मला वाटलं डोकं फिरलं. मी म्हटलं, "नऊ?"

"जर्मनी, चेक, ऑस्ट्रिया, हंगेरी, क्रोएशिया, स्लोव्हेनिया, इटली, फ्रान्स, बेल्जियम. त्रेचाळीस दिवस."

आणि मग फाईल सुरू झाली. प्रत्येक देशाला वेगळ्या रंगाची पट्टी. प्रत्येक दिवसाला प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद. कॅरव्हॅन मागे जोडलेली असताना दिवसाला दोनशे किलोमीटर, वर एकही नाही. साडेदहाला कॉफी कुठे, त्या जागेचं नाव. संध्याकाळी सहाला जेवण. कुठल्या देशात गॅसच्या टाकीला कुठलं तोंड लागतं, कुठे रस्त्याच्या कराची चिठ्ठी काचेवर चिकटवायची, कुठे गाडी बंद पडली तर घालायचं चमकणारं जाकीट माणशी एक लागतं. कॅरव्हॅन तर त्याने दोनदा काट्यावर नेऊन तोलली, एकदा रिकामी आणि एकदा आमचे पंधरा किलो बटाटे घालून.

"हंगेरीत बटाटे मिळत नाहीत का?" मी विचारलं.

"मिळतात. पण कसले, ते माहीत नाही."

आमची मुलगी मारिट उट्रेख्टला असते. तिला फोनवर सांगितलं तर ती खदाखदा हसायला लागली. "आई, बाबाला फिरू दे ना एकदाचं!" तुला काय जातंय बोलायला, म्हटलं, तू जेवतेस टेबलावर.

या माणसाला समजून घ्यायचं तर त्याचा पूल समजून घ्यायला हवा. लॅमर्टने अडतीस वर्षं आमच्या कालव्यावरचा पूल उघडला आणि मिटला. बोट आली की भोंगा वाजवायची, हा पुलाशेजारच्या छोट्या खोलीतून बाहेर यायचा, रस्त्यावरच्या गाड्या थांबवायचा, पूल उचलायचा, आणि बोट खालून जाताना गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट खाली सोडायचा. बोटवाला त्या बुटात पुलाचं नाणं टाकायचा. मग हा वहीत बोटीचं नाव आणि वेळ लिहायचा, मिनिटासकट. दुपारी बारा ते एक जेवणाची सुट्टी. त्या एका तासात राणी जरी नावेतून आली असती तरी पूल उघडला नसता.

राणी कधी आली नाही. त्याचा भाऊ आला.

हार्म त्याच्याहून चार वर्षांनी मोठा. दांडगट, मोठ्यानं बोलणारा, लॅमर्टच्या अगदी उलट. त्याची स्वतःची मालबोट होती, शरद ऋतूत तो शेतातले बटाटे पिठाच्या कारखान्याला पोचवायचा. एकदा तो बारा वाजून दोन मिनिटांनी पुलापाशी पोचला. भोंगा वाजवला. लॅमर्टने खिडकीतून बघितलं आणि डबा उघडला. हार्मने पुन्हा वाजवला. शिव्या घातल्या. आमच्या आईचं नाव घेतलं, म्हणजे त्यांच्या. मी तेव्हा सायकलवरून डबा द्यायला आले होते, मी म्हटलं, "अरे, सख्खा भाऊ आहे, उघड की!" लॅमर्ट म्हणाला, "बारा वाजून दोन झालेत." तासभर ती बोट तिथे उभी. एक वाजता पूल उघडला, लाकडी बूट खाली गेला, आणि हार्मने त्यात नाण्याऐवजी एक बटाटा टाकला. लॅमर्टने वहीत काय लिहिलं असेल? 'एक बटाटा.' ती वही मी स्वतः पाहिली आहे.

त्यावरून भांडण झालं नाही, उलट वर्षानुवर्षं वाढदिवसांना ही गोष्ट सांगून लोक हसत. भांडण झालं ते अकरा वर्षांपूर्वी. हार्मने बोट विकली आणि तो आणि रुली, त्याची बायको, हंगेरीला राहायला निघाले. तिथल्या मोठ्या सरोवराजवळ, स्वस्तात घर, ऊन, द्राक्षं. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. बेकरीवाल्याला माहीत होतं. लॅमर्टला कळलं ते पत्ता बदलल्याच्या छापील कार्डावरून, जे शेजारच्या आठ घरांतही त्याच दिवशी पडलं होतं. खाली सही नाही, एक ओळ नाही. लॅमर्टने ते दोनदा वाचलं, म्हणाला, "बरं," आणि निरोपाच्या कॉफीला गेला नाही. तिकडून पत्र नाही, इकडून पत्र नाही. अकरा वर्षं! दोन म्हातारे, तोंडाला कुलूप लावून, चौदाशे किलोमीटरवर फुगून बसलेले.

मार्चमध्ये रुलीचा फोन आला. हार्मला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. उजवा हात गेला, तोंड जरा वाकडं झालं, बोलणं कळतं पण वेळ लागतो. "जूनमध्ये पंचाहत्तरी आहे," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, पुढच्या झटक्याचा भरवसा नाही. तो काही बोलणार नाही यांटिन, तुला माहीत आहे तो कसा आहे." मी जेवताना लॅमर्टला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बटाटे दे जरा इकडे."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ देश.

मी काय कुक्कुलं बाळ आहे? मला त्याच क्षणी कळलं. पण तोंडातून शब्द काढला नाही. मी जर म्हटलं असतं, "लॅमर्ट, तुला भावाला भेटायचंय, सरळ गाडी काढ आणि जा," तर त्याने फाईल मिटून कपाटात ठेवली असती आणि आम्ही तळ्याकाठी खोरनिंगनच्या जोडप्याशेजारी जाऊन बसलो असतो. मध्ये एकदा नुसतं विचारून बघितलं, "इटलीला जायचंय तर हंगेरीवरून कशाला?" तर म्हणे, "सपाट आहे. कॅरव्हॅनला बरं." सपाट! आमच्या घरासमोर काय हिमालय आहे?

तो झोपला असताना मी फाईल चाळली. त्रेचाळीस कागद. प्रत्येकावर किलोमीटर, रस्त्याचा नंबर, पेट्रोल कुठे. फक्त एक कागद जवळजवळ कोरा होता. त्यावर लिहिलं होतं, 'सोळा जून. मुक्काम. कॉफी साडेदहा.' कुठे ते नाही. कुणाकडे ते नाही.

मी संडासात जाऊन कॅलेंडर बघितलं. वाढदिवसांचं कॅलेंडर, त्यावर साल नसतं, वर्षानुवर्षं एकच चालतं; आमच्याकडे ते जिथे असायला हवं तिथेच आहे, दाराच्या आतल्या बाजूला, बसलं की नजरेसमोर. जून महिना, सोळा तारीख: हार्म.

आणि मग मला त्याचा अख्खा डाव कळला. आमच्याकडे कुणाकडे असं उठून जाता येत नाही. सख्ख्या भावाकडे, पोटच्या मुलीकडेसुद्धा आधी वेळ ठरवायची, डायरीत लिहायची, मग जायचं. आणि वेळ मागितली की समोरच्याला 'नाही जमणार' म्हणायची सोय होते. हार्म तसं म्हणाला असता, तर लॅमर्ट मेला असता. पण वाढदिवसाला वेळ मागावी लागत नाही. त्या एका दिवशी कुणीही दारात उभं राहू शकतं, हात पुढे करून अभिनंदन म्हणू शकतं, आणि घरच्यांना खुर्ची द्यावीच लागते. वर्षात एकच दिवस. माझ्या नवऱ्याने भावाच्या दारात उभं राहायला नऊ देशांचा आडपडदा केला होता, म्हणजे म्हणता आलं असतं, "इथूनच चाललो होतो."

तेव्हापासून मी त्याला त्रास देणं कमी केलं. बंद नाही, कमी.

निघायचं बुधवारी, तीन जूनला. मंगळवारी दुपारी मी कॅरव्हॅन भरत होते; एरवी ती एका शेतकऱ्याच्या कोठारात असते. चादरी, कॉफीची पाकिटं, शेंगदाण्याचं लोणी, बटाटे. मग कॅरव्हॅनच्या त्या एवढ्याशा संडासात टॉवेल अडकवायला गेले, आणि दाराच्या आत जुनं कॅलेंडर. तीन वर्षांपूर्वी त्याला ओल लागली म्हणून मी घरात नवं आणलं होतं आणि हे इथे लावलं होतं. माझंच अक्षर. तळ्याकाठी आम्ही तिथलाच संडास वापरतो, म्हणून लावल्यापासून ते कुणी पाहिलंच नव्हतं. पान जूनवरच होतं.

सहा जून: हार्म.

मी टॉवेल तसाच हातात धरून कमोडवर बसले.

सगळं आठवलं. नवं कॅलेंडर लिहायला बसले तेव्हा लॅमर्ट मागून म्हणाला होता, "हार्मला नको घेऊस." मी घेतलं नाही. घरातलं नवं कॅलेंडर लिहिताना कुणाला पुढच्या पानावर न्यायचं आणि कुणाला नाही, हे ठरवणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. आठवडाभर मला ते टोचत राहिलं. जुनं तोवर कॅरव्हॅनबरोबर कोठारात गेलं होतं. मग एक दिवस मी गुपचूप पेन घेऊन आत गेले आणि आठवणीतून लिहिलं. सोळा. लॅमर्टने ते बघितलं असणार, रोजच बघतो, पण ना बोलला ना खोडलं.

मी धावत घरात आले आणि रुलीला फोन लावला. "अगं, हार्मचा वाढदिवस..."

"सहाला. का गं?"

"काही नाही. कार्ड टाकायचं होतं."

ठेवला. अडीच महिने मी या माणसाच्या फाईलची टिंगल केली होती, आणि त्या अख्ख्या फाईलमधली एकमेव चूक माझी होती. सोळाला आम्ही दारात उभे राहिलो असतो तर काय? भावाच्या पंचाहत्तरीला दहा दिवस उशिरा, न कळवता! त्यापेक्षा न गेलेलं बरं. हार्मने तो अपमान समजला असता, आणि मग पुढचा जून कुणी बघितलाय?

लॅमर्ट बाहेर चाकांची हवा तपासत होता. मी समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "हार्मचा वाढदिवस सहाला आहे. सोळा मी चुकून लिहिलं."

तो उठला. हात पुसले. रुलीचा फोन आला तो दिवस सोडला, तर हार्मचं नाव मी अकरा वर्षांत पहिल्यांदा असं मोकळ्यावर घेतलं होतं. "मला वाटायचंच सहा म्हणून," तो म्हणाला.

"काय?"

"लहानपणी सहालाच केक असायचा."

"मग तीन वर्षांत बोलला का नाहीस?"

"सोळा लिहिलेलं होतं."

मी किंचाळले. शेजारच्यांनी पडदा सरकवला तरी मी किंचाळत राहिले. "अरे तुझा भाऊ! तुझ्या आईने जन्म दिलेला! तुला तारीख माहीत होती आणि तू माझ्या अक्षरावर विश्वास ठेवलास?"

"कागदावर होतं, यांटिन," तो शांतपणे म्हणाला.

तो आत गेला आणि फाईल उघडून बसला. पाच वाजेपर्यंत कागद काढत होता, घालत होता. "बुधवारी निघालो तरी कॅरव्हॅन घेऊन शनिवारी नाही पोचत. दिवसाला दोनशे. आणि मधले मुक्काम ठरलेले आहेत, तारखेसकट. त्या तारखा नाहीत तर जागा नाही." मग जरा वेळाने, पेन्सिल खाली ठेवून, "नाही जमत. तळ्यालाच जाऊ."

त्या एका वाक्यावर माझं डोकं सटकलं. मी फाईल उचलली, स्वयंपाकघरात नेली आणि फ्रीजमध्ये ठेवली. का फ्रीजमध्ये, मला विचारू नका, समोर तेच दिसलं. परत येऊन म्हटलं, "कॅरव्हॅन सोड."

"सोडून? झोपायचं कुठे?"

"जिथे पाटी दिसेल तिथे. लोक झोपतात, लॅमर्ट! जगात लोक हॉटेलात झोपतात!"

"जेवण?"

"बटाटे मागच्या सीटवर ठेव, हवे असतील तर."

त्याने खरंच ठेवले. पंधरा किलो, पट्टा लावून.

अडतीस वर्षं वेळापत्रकावर जगलेल्या माणसाशेजारी बसून, कागदाशिवाय, चौदाशे किलोमीटर जाणं काय असतं ते मी शत्रूलाही सांगणार नाही. तो दर वळणावर विचारायचा, "हाच का?" मी म्हणायचे, "मला काय माहीत, तू चालवतोयस." पहिल्या दिवशी साडेदहाला कॉफीची जागा सापडली नाही म्हणून तो अकरापर्यंत बोलला नाही. मी फोनवर रस्ता लावला तर त्याला त्या बाईचा आवाज पटेना. पासाऊच्या अलीकडे आम्ही चुकलो, व्हिएन्नाभोवती दोनदा फिरलो, आणि शुक्रवारी ज्या खोलीत झोपलो तिथल्या गाद्या इतक्या मऊ होत्या की सकाळी दोघांनाही एकमेकांना ओढून उठवावं लागलं. त्याने एकदाही तक्रार केली नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

शनिवारी, सहा जूनला, साडेदहाला पोचायचं होतं. सरोवराच्या अलीकडे रस्ता खणून ठेवलेला. दीड तास एका ट्रॅक्टरमागे. लॅमर्ट घड्याळाकडे बघायचा आणि पांढरा पडत जायचा. "साडेदहाची कॉफी संपली असेल," तो दोनदा म्हणाला. "आता जेवायची वेळ होईल. जेवायच्या वेळेला कुणाच्या घरी जात नाहीत."

"आपण जातोय," मी म्हटलं.

घर पिवळं होतं, पुढे द्राक्षाचा वेल. दारात एकही गाडी नव्हती. लॅमर्टने कोट घातला, केसांवरून हात फिरवला आणि घंटा वाजवली. मी दोन पावलं मागे.

दार टीचभर उघडलं. साखळी तशीच. फटीत हार्म. अर्धं तोंड खाली ओढलेलं, काठी डाव्या हातात. त्याने लॅमर्टकडे बघितलं, खूप वेळ बघितलं. मग मागे वळून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. आणि एकेक शब्द जुळवत म्हणाला, "बारा. वाजून. दोन. पूल बंद."

मला वाटलं मी आता दोघांची डोकी एकमेकांवर आपटते.

हार्म म्हणाला, "मी तासभर. थांबलो होतो."

"माहीत आहे," लॅमर्ट म्हणाला. "मी खिडकीतून बघत होतो. पूर्ण तास."

"मग?"

"नियम होता, हार्म."

हार्मने मान हलवली. दार तसंच. आणि लॅमर्ट मागे वळला आणि गाडीकडे चालू लागला. माझा जीवच गेला. संपलं, म्हटलं. इतकं करून हा परत चालला. त्याने गाडीचं मागचं दार उघडलं, सीटचा पट्टा काढला, वाकून काहीतरी शोधलं आणि परत आला. हातात एक बटाटा होता. त्याने फटीतून हात घालून तो हार्मच्या हातात द्यायला बघितलं, पण डाव्या हातात काठी आणि उजवा हात लोंबकळत होता. तर हार्मने काठी सोडून दिली. ती आत फरशीवर खाडकन पडली. त्याने डाव्या हाताने बटाटा घेतला, छातीशी धरला, आणि दोन्ही म्हातारे साखळीच्या अल्याडपल्याड उभे राहून रडायला लागले, कारण आता साखळी काढायला हार्मला हातच उरला नव्हता.

शेवटी रुली धावत आली आणि तिने दार उघडलं. लॅमर्टने भावाला दोन्ही हातांनी धरून आत नेलं, "अभिनंदन, अभिनंदन," म्हणत, पुन्हा पुन्हा, आमच्याकडे म्हणतात तसं. आत बैठकीत खुर्च्या गोल मांडून ठेवल्या होत्या. चार खुर्च्या. टेबलावर केक, एक तुकडा कापलेला, आणि चार कप, दोन वापरलेले आणि दोन उपडे.

मी रुलीला बाजूला घेऊन विचारलं, "तुला माझ्या फोनवरून संशय आला का? आम्ही येतोय म्हणून?"

"नाही गं," रुली म्हणाली. "दर वर्षी सहा जूनला तो चार खुर्च्या मांडायला लावतो. साडेदहाला खिडकीत उभा राहतो आणि बारा वाजले की म्हणतो, उचल."

अकरा वर्षं! एक फोन नाही, एक ओळ नाही, आणि हा खिडकीत उभा! मला इतका संताप आला की मी तिथेच खुर्चीत बसून हमसून रडले. मग कॉफी आली. गार होती, आणि प्रत्येक कपामागे एकच बिस्कीट होतं.